सामना कोणी जिंकला?



एखाद्या सामन्याला आपण स्वतः हजर होतो, तिकीट काढून, चांगल्या जागी बसून सगळं पाहिलं, आणि तरीही तो सामना कोणी जिंकला हे आपल्याला सांगता येऊ नये, असं तुमच्या बाबतीत कधी झालं आहे का? माझ्या बाबतीत झालं आहे. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. सामना क्रिकेटचा नव्हे, बेसबॉलचा. दिवस ८ एप्रिल १९७४, सोमवार. गाव अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची राजधानी, अटलांटा.

त्या वर्षी मी तिथे इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी होतो. सांगलीहून गेलेला, बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेला मुलगा. बेसबॉल म्हणजे आपल्या विटीदांडूचा कुणी लांबचा नातेवाईक असावा, एवढंच माझं ज्ञान. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा एक स्थानिक मित्र होता. तो म्हणाला, ‘‘तिकिटं मिळाली आहेत, चल. आज इतिहास घडेल.’’ मी गेलो.

तो इतिहास काय होता, ते आधी सांगायला हवं. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलवला की त्याला होम रन म्हणतात. आपल्या षटकारासारखाच, पण षटकाराहून पुष्कळ दुर्मीळ. एका सामन्यात एका खेळाडूला फलंदाजीची संधी जेमतेम चार-पाच वेळा मिळते. बेब रूथ नावाच्या खेळाडूने १९३५ साली निवृत्त होताना ७१४ होम रन नावावर लावले होते. अमेरिकन माणसाच्या मनात हा आकडा, ब्रॅडमनची सरासरी आपल्या मनात आहे, तसा कोरलेला. तो कधी मोडेल असं कोणाला वाटत नव्हतं. आणि तो मोडायला निघाला होता हँक अ‍ॅरन. वय ४०. अटलांटा ब्रेव्हज या संघाचा खेळाडू. गाव अलाबामा राज्यातलं मोबील. वर्णाने काळा.

१९७३चा हंगाम संपला तेव्हा तो ७१३वर थांबला होता. म्हणजे एक पूर्ण हिवाळा त्या एका आकड्याच्या सोबतीने काढायचा. नव्या हंगामातला पहिला सामना ४ एप्रिलला सिनसिनाटीत, दुसऱ्याच्या घरी होता. तिथे त्याने हंगामात पहिल्यांदाच बॅट फिरवली आणि पहिल्याच फटक्याला ७१४वा होम रन मारून रूथची बरोबरी केली. ४ एप्रिल हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचा दिवस. त्याला त्या वेळी सहा वर्षं झाली होती. किंग अटलांटाचेच. सामन्याआधी त्यांच्यासाठी मैदानावर क्षणभर शांतता पाळावी, अशी विनंती अ‍ॅरनने केली होती. ती मान्य झाली नाही. मग संघ अटलांटाला परत आला.

त्या संध्याकाळी हवा थंड होती, मधूनच पावसाची भुरभुर. स्टेडियमवर ५३,७७५ माणसं. तेव्हा राज्याचे गव्हर्नर असलेले जिमी कार्टर आले होते. पुढे तेच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. मैदानाच्या हिरवळीवर अमेरिकेचा भला मोठा नकाशा रंगवलेला. एखाद्या जत्रेत यावं तसे लोक पोराबाळांसह आलेले. आपण ब्रेबर्नवर डबा घेऊन जायचो, तसे त्यांच्याही हातांत खाण्याचे पुडे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पाहुणा संघ लॉस एंजेलिस डॉजर्सचा. चेंडू टाकणारा अल डाउनिंग. दुसऱ्या डावात, म्हणजे नऊ छोट्या डावांपैकी दुसऱ्या, अ‍ॅरन फलंदाजीला आला. डाउनिंगने त्याला मारता येईल असा चेंडूच फारसा दिला नाही, आणि नियमाप्रमाणे अ‍ॅरन बॅट न फिरवताच पहिल्या तळावर चालत गेला. लोकांनी डाउनिंगची हुर्यो उडवली. पुढे त्याच डावात अ‍ॅरन धाव पूर्ण करून परत आला. त्या धावेने त्याने नॅशनल लीगमधल्या सर्वाधिक धावांचा विली मेजचा विक्रम मोडला होता, हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. स्टेडियमवर त्याची दखल घ्यायला कोणालाच सवड नव्हती. सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते.

चौथा डाव. तोवर डॉजर्स ३-१ असे पुढे होते. डॅरेल इव्हान्सने मारलेला चेंडू त्यांच्या क्षेत्ररक्षकाकडून नीट अडवला गेला नाही आणि इव्हान्स पहिल्या तळावर पोहोचला. अ‍ॅरन पुन्हा आला. डाउनिंगचा पहिला चेंडू खाली मातीत पडला. दुसऱ्यावर अ‍ॅरनने बॅट फिरवली. त्या रात्रीतली ती पहिलीच फिरवलेली बॅट. चेंडू डाव्या बाजूला उंच गेला. बिल बकनर हा क्षेत्ररक्षक पाठोपाठ धावला, कुंपणावर चढलासुद्धा, पण चेंडू पलीकडे गेला होता. तिथे अटलांटाचेच राखीव पिचर सराव करत असतात. त्यांच्यातल्या टॉम हाउसने तो झेलला. घड्याळात रात्रीचे ९ वाजून ७ मिनिटं झाली होती.

श्रोतेहो, तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. पन्नास हजार माणसं एकदम उठली. आकाशात दारूकाम सुरू झालं. अ‍ॅरन मान खाली घालून, नेहमीच्याच संथ चालीने तळांना प्रदक्षिणा घालत होता. ना हात वर, ना उडी. दुसरा तळ ओलांडल्यावर कॉलेजच्या वयाची दोन गोरी पोरं प्रेक्षकांतून मैदानात घुसली, त्याच्यामागे धावली आणि त्याच्या खांद्यावर थापा मारू लागली. आम्ही हसलो. आपल्याकडे तेव्हा शतक झालं की पोरं मैदानात पळायची आणि हवालदार त्यांच्यामागे, तसाच प्रकार वाटला. घरच्या तळावर सगळा संघ त्याला घेरून उभा होता. त्या गर्दीतून त्याची आई पुढे आली आणि तिने त्याला मिठी मारली. ती मिठी सुटेचना. आम्ही पुन्हा हसलो. मित्र म्हणाला, ‘‘आई ती आईच!’’

खेळ बराच वेळ थांबला. अ‍ॅरनला मायक्रोफोन दिला, तो फार थोडं बोलला. हे एकदाचं संपलं याबद्दल त्याने देवाचे आभार मानले. मला ते जरा विचित्र वाटलं. आनंदाच्या दिवशी माणूस ‘झालं’ म्हणेल, ‘संपलं’ कशाला म्हणेल?

खेळ पुन्हा सुरू झाला, आणि माणसं उठून जाऊ लागली. ज्यासाठी आले ते पाहून झालं होतं. पाऊस भुरभुरत होता, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा होती. आम्हीही निघालो. मागे वळून पाहिलं तेव्हा मैदानावर खेळ चालू होता आणि खुर्च्या भराभर रिकाम्या होत होत्या.

त्याच आठवड्यात मी घरी निळ्या एरोग्रामवर पत्र लिहिलं. आमच्या अण्णांना क्रिकेटचं वेड. हिंदू जिमखान्याच्या, चौरंगी सामन्यांच्या गोष्टी ते आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या सांगायचे. त्यांना आवडेल म्हणून मी एकूण एक तपशील लिहिला. नकाशा, गव्हर्नर, दारूकाम, ती दोन पोरं, ती आई. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. घरची खुशाली, आजीचं दुखणं, आंब्यांचे भाव, आणि शेवटी दोन ओळी. ‘सगळं लिहिलंस, पण सामना कोणी जिंकला ते लिहिलं नाहीस. आणि त्या अ‍ॅरनला त्याचं गाव आपला मानतं का?’

पहिल्या प्रश्नाने मी खजील झालो. ग्रंथालयात जाऊन जुना अंक काढला. अटलांटा ७, लॉस एंजेलिस ४. आणि सामना नुसता जिंकला नव्हता, चांगला रेटून जिंकला होता. अ‍ॅरनच्या फटक्याने ३-३ अशी बरोबरी झाली, आणि त्याच डावात अटलांटाने आघाडी घेतली, ती पुन्हा सोडलीच नाही. डॉजर्सनी क्षेत्ररक्षणात सहा चुका केल्या, अटलांटाने एकही नाही. रॉन रीडच्या नावावर विजय लागला. शेवटचे डाव बझ कॅप्राने सांभाळले. हा कॅप्रा त्या वर्षाअखेर नॅशनल लीगमधला सर्वांत कमी धावा देणारा पिचर ठरला. आणि हरलेले डॉजर्स म्हणजे कोणी लिंबूटिंबू नव्हेत. त्या हंगामात १०२ सामने जिंकून तेच नॅशनल लीगचे विजेते झाले. असा संघ, असा विजय, आणि मी त्या वेळी मित्राच्या गाडीत बसून हीटर कसा चालू करायचा ते पाहत होतो!

अण्णांना आकडे कळवले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र लिहिलं, ‘मानतं की! पन्नास हजार माणसं उभी राहिली होती.’ ते मला खरंच वाटत होतं. नंतर वर्षानुवर्षं मी हेच उत्तर धरून बसलो होतो. दोनच महिन्यांनी लॉर्ड्सवर आपला संघ ४२ धावांत बाद झाला, आणि अण्णांची पत्रं त्या दुःखाने भरून येऊ लागली. अ‍ॅरनचा विषय मागे पडला.

१९९१ साली अ‍ॅरनचं आत्मचरित्र आलं, ‘आय हॅड अ हॅमर’. मी ते वाचायला घेतलं ते जुन्या आठवणींसाठी. वाचताना मात्र कळलं की त्या रात्री मी मैदानावर जे पाहिलं, त्यातलं जवळजवळ काहीच मला दिसलं नव्हतं.

१९७३ साली अ‍ॅरनला सुमारे ९ लाख ३० हजार पत्रं आली. त्यांत मोठा भाग शिव्यांचा आणि धमक्यांचा होता. काळ्या माणसाने बेब रूथच्या पुढे जाऊ नये, गेलास तर जिवंत राहणार नाहीस, असा त्यांचा सूर. त्याची मुलगी कॉलेजात शिकत होती, तिला पळवून नेण्याच्या धमक्या आल्या. परगावी सामना असला की तो संघापासून वेगळा, दुसऱ्याच नावाने हॉटेलात उतरायचा. ही पत्रं उघडकीला आल्यावर देशभरातून त्याच्या बाजूनेही पत्रांचा पूर आला, हे खरं. पण पहिली पत्रं वाचायची ती वाचून झालीच होती. अटलांटाच्या एका वर्तमानपत्रात तर, न जाणो मैदानावरच काही झालं तर, म्हणून त्याचा मृत्युलेख तयार करून ठेवला होता.

आता ती दोन पोरं पुन्हा आठवा. प्रेक्षकांत काल्विन वॉर्डलॉ नावाचा पोलीस बसला होता. अ‍ॅरनचं रक्षण हेच त्याचं काम. दुर्बिणीच्या पेटीत पिस्तूल. पोरं धावली तेव्हा अर्ध्या क्षणात त्याला ठरवायचं होतं की हे भक्त आहेत की मारेकरी. त्याने पिस्तूल काढलं नाही. आम्ही हसत होतो ते त्या अर्ध्या क्षणाला. आणि ती मिठी? माझ्या मुलाला गोळी घालायची असेल तर आधी मला घालावी लागेल, अशा विचाराने आईने त्याला धरून ठेवलं होतं, असं नंतर सांगितलं गेलं. वर आकाशात दारूकामाचे आवाज होत होते, हेही लक्षात घ्या. आम्हाला ते फटाके होते. त्या माउलीला ते काय वाटले असतील?

‘हे एकदाचं संपलं’ या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. सतरा वर्षांनी.

त्या पुस्तकातली आणखी एक हकिगत सांगतो. १९५२ साली, अठरा वर्षांचा अ‍ॅरन इंडियानापोलिस क्लाउन्स या काळ्या खेळाडूंच्या संघात होता. वॉशिंग्टनमध्ये एका उपाहारगृहात संघ जेवला. जेवण झाल्यावर आतून खळ्ळकन आवाज आले. ज्या बशांतून ही मुलं जेवली, त्या बशा स्वयंपाकघरात फोडल्या जात होत्या.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण हा आवाज मला ओळखीचा होता. लहानपणी आमच्याकडच्या एका हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेली कपबशी मी पाहिली होती. ती कोणासाठी होती, हे विचारावं लागत नसे. आणि अण्णा ज्यांची गोलंदाजी ऐकीव गोष्टींतून रंगवून सांगायचे, त्या पळवणकर बाळूंना पुण्यात त्यांच्याच संघातले लोक तंबूत चहा घेत असताना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळत असे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज. चौरंगीत हिंदू संघाला त्याचे बळी हवे होते, पण संघाचं कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. ते पुढे १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही भांडून. अण्णांनी बाळूंच्या बळींच्या गोष्टी मला सांगितल्या होत्या. चहाची गोष्ट कधी सांगितली नव्हती. मग अ‍ॅरनला त्याचं गाव आपला मानतं का, हा प्रश्न त्यांना कुठून सुचला, ते मला उशिरा समजलं. विचारायला अण्णा तेव्हा राहिले नव्हते.

आता कोणी म्हणेल, हे झालं माणसांचं, पण खेळाचं काय? माझा तो मित्रही गाडीत म्हणाला होता की रूथच मोठा, कारण त्याने अ‍ॅरनपेक्षा जवळपास तीन हजार संधी कमी घेऊन हे होम रन मारले. मुद्दा खरा आहे, आकडे तेच सांगतात. पण रूथ खेळला त्या काळात मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूला प्रवेशच नव्हता. जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडलं १९४७ साली. म्हणजे देशातल्या कित्येक चांगल्या पिचरांना रूथला चेंडू टाकण्याची संधीच मिळाली नव्हती. हा हिशेब कुठल्या तक्त्यात मांडणार? मित्राला हे मी तेव्हा सांगू शकलो नाही, कारण मला ठाऊक नव्हतं. आणि तो वाईट माणूस नव्हता, हेही सांगतो. तोही इतरांबरोबर उभा राहून टाळ्या वाजवत होता, हात लाल होईपर्यंत.

तुम्ही हे भाषण रेडिओवर ऐकत आहात, म्हणून एक गोष्ट रेडिओची. डॉजर्सचा समालोचक होता व्हिन स्कली. म्हणजे पाहुण्यांचा माणूस, हरणाऱ्या बाजूचा. चेंडू कुंपणापलीकडे गेल्याचं त्याने सांगितलं, आणि मग तो मायक्रोफोनपासून उठून बाजूला झाला. काही बोललाच नाही. लॉस एंजेलिसमधल्या श्रोत्यांना घरात बसून नुसता अटलांटाच्या गर्दीचा आवाज ऐकू येत राहिला. पुन्हा बोलला तेव्हा त्याने विक्रमाचे आकडे सांगितले नाहीत. अमेरिकेच्या ऐन दक्षिणेत एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत आहेत, हे केवढं मोठं आहे, एवढंच त्याने सांगितलं. मी त्या टाळ्यांच्या मध्यभागी उभा होतो. तिथे मला जे कळलं नाही, ते दूरच्या गावाला रेडिओवरून कळलं होतं.

अ‍ॅरन १९७६ साली ७५५ होम रनवर थांबला. तो आकडा २००७मध्ये बॅरी बॉन्ड्सने मागे टाकला. ती पत्रं अ‍ॅरनने शेवटपर्यंत जपून ठेवली होती. २२ जानेवारी २०२१ रोजी, अटलांटातच, तो गेला. ते स्टेडियम १९९७ साली पाडलं. मी नंतर एकदा गेलो होतो. गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत, चेंडू जिथून पलीकडे गेला तिथला कुंपणाचा भाग राखून ठेवला होता, वर ७१५चा आकडा. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आजूबाजूला कोणी नव्हतं.

आता अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. गावाने त्याला आपला मानलं का? टाळ्या वाजवणारे त्याच गावातले होते, आणि धमकीची पत्रं लिहिणारे काही जणही तिथलेच असणार. एखादा माणूस दोन्ही रांगांत उभा नसेलच, असंही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एवढं मात्र सांगता येतं. सगळे निघून गेल्यावर, पाऊस भुरभुरत असताना, रिकाम्या खुर्च्यांसमोर अ‍ॅरनचे सहकारी शेवटच्या डावापर्यंत खेळत राहिले. कारण विक्रम एकाचा असतो, सामना संघाला जिंकावा लागतो. आणि तो त्यांनी जिंकला.

अण्णा, अटलांटा सात, लॉस एंजेलिस चार. मी शेवटपर्यंत थांबायला हवं होतं.